काकीची वीत

भाकरी थापायला मी शिकले ती परळच्या एका इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, अंगावर नर्सचा युनिफॉर्म असताना. असं सांगितलं की माझी नातसून नुसती मान हलवते. म्हातारी पुन्हा सुरू झाली, असा त्या हलवण्याचा अर्थ. पण माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली की हीच बया धावत येऊन तिचा फोटो काढते. भाकरीचा, माझा नाही. तेव्हा भाकरीमागची गोष्ट तिला ऐकून घ्यावीच लागेल, आणि आता तुम्हालाही.

त्या वेळी मी नुकती नर्स झाले होते. गिरगावातल्या चाळीतली मुलगी. घरात पोळी आणि भात, भाकरी कधीमधी आणि तीही आई करायची. मी चुलीकडे फिरकत नसे, कारण मी शिकत होते. शिकत होते म्हणजे इंग्रजी पुस्तकातली हाडांची नावं मोठ्याने घोकून बिऱ्हाडांना झोपू देत नव्हते. नोकरी लागल्यावर तर विचारूच नका. डोक्यावरच्या टोपीला मी अशी खळ घालायची की ती भिंतीवर ठोकली असती तर खुंटी म्हणून चालली असती. ती पडेल या भीतीने मला मान वळवता येत नसे. कोणी हाक मारली की मी अख्खी वळायची, ट्राम वळते तशी. मला वाटायचं, लोक माझ्या रुबाबाकडे बघतायत. लोक वाट देत होते, एवढंच.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. राज्य अजून मिळायचं होतं, पण परळ-लालबागच्या भिंतींवर ते कधीच लिहून झालं होतं. मोर्चा रस्त्यावरून गेला की ‘झालाच पाहिजे’ची आरोळी आमच्या वॉर्डाच्या उंच खिडक्यांतून आत यायची आणि ज्यांना उठून बसता येत नव्हतं अशा बायकासुद्धा उशीवरून मान उचलायच्या.

अशाच एका गडबडीच्या दिवशी काकीला आणलं.

काकी लालबागची खाणावळवाली. गिरणीत काम करणारे कोकणातले गडी बायकापोरं गावाला ठेवून इथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, आणि दोन वेळचं जेवण एखाद्या बाईकडे लावायचे. काकी ही तसली बाई. विधवा, पन्नाशीची, उंच, आवाज असा की गिरणीच्या भोंग्याने तिच्याकडून शिकावं. त्या दिवशी तिच्या गल्लीत अश्रुधूर सुटला. काकी नेमकी भाताच्या हंड्यातली पेज गाळत होती. डोळ्यांतून धारा लागल्या, काही दिसेना, हंडा कलंडायला लागला. दुसरी कोणी असती तर बाजूला उडी मारती. हिला गड्यांचा भात जमिनीवर सांडलेला चालणार नव्हता. तिने उजव्या हाताचा पंजा लावून हंडा सावरला.

भात वाचला. पंजा भाजला.

जखम भरली चांगली. मिठाचं कोमट पाणी, औषध लावलेली जाळीची पट्टी, इंजेक्शनं, सगळं आम्ही नीट केलं. पण तळहात भाजला की एक निराळंच संकट येतं. नवी कातडी येता येता आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर बोटंही. काकीची बोटं हळूहळू आत वळत चालली. मूठ नाही म्हणता येणार, पण हात उघडाही नाही. हातात अदृश्य आंबा धरल्यासारखा.

आता, काकीच्या खाणावळीची सगळी इभ्रत होती तिच्या भाकरीत, आणि तिची भाकरी म्हणजे तिची वीत. तिने हात पुरता ताणला की करंगळीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढी तांदळाची भाकरी. रोजची, प्रत्येकाची, तेवढीच. बोटभर कमी वाटली तर गडी तिच्यासमोर धरायचा आणि ती आपली वीत भाकरीवर टेकवून दाखवायची, की वाद संपला. आता ती वीतच आंबा धरून बसली होती.

डॉक्टर राउंडला आले. हात उलटासुलटा करून पाहिला आणि मला इंग्रजीत म्हणाले, हिने आत्ताच बोटं हलवली नाहीत तर हात असाच राहील. मग ती ओढलेली कातडी कापावी लागेल, आणि कापूनही हात उघडेल याची खात्री नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले. काकीने मला विचारलं, “काय म्हणालो गो तो?”

तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आठवलं की आजही मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. हात मागे बांधून, टोपी सावरून मी म्हणाले, “आपल्या अंगुलींचं आकुंचन होत आहे. नियमित व्यायाम न केल्यास कायमस्वरूपी वैगुण्य येण्याची शक्यता आहे.”

काकीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या खाटेकडे तोंड करून विचारलं, “ही खंयच्या नाटकात काम करता गो?”

शेजारच्या खाटेवर वरळीच्या बीडीडी चाळीतली एक बाई होती. साताऱ्याकडची, गिरणीच्या सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यात कामाला. जिन्यावरून घसरून पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि ते ती पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगून मोकळी झाली होती. काकीच्या प्रश्नावर ती एवढी हसली की प्लास्टरचा पाय हलून कळ आली. मग तिनेच माझं भाषांतर केलं. “ती म्हनती, हात हलिवला न्हाई तर असाच ऱ्हाईल. जलमभर.”

काकीने हात पदराखाली घेतला.

संध्याकाळी भेटायच्या वेळी तिचे गडी यायचे. पाळी सुटलेले यायचे, पाळीवर जायचे असलेले यायचे. खाटेभोवती उकिडवे बसायचे, जणू पंगतच. अंगाला तेलाचा आणि कापसाचा वास. त्यांचा पुढारी एक मिशाळ विणकर होता, भजनात मृदंग वाजवणारा. काकी नसल्यामुळे सगळे समोरच्या खाणावळीत जेवत होते.

“काकी, तिची भाकरी छपरार घातली तर पावस आत येवचो नाय,” मिशाळ म्हणाला.

“दात सांभाळून खावा रे,” काकी म्हणाली. सगळे हसले. तीही हसली. हात मात्र पदराखालीच. “येतंय मी. हात बरो झालो, आता येतंय.”

जाताना मिशाळ व्हरांड्यात माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “सिस्टरबाई, खरा सांगा. समोरची बाई सगळ्यांका कायमचा लावून घ्या म्हणता. आमी काकीसाठी थांबलो आसोत. पण पोट किती थांबतला?”

मी टोपी सावरली आणि म्हणाले, “पुस्तकात बघते.”

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकातला उपाय काढला. रबरी चेंडू. “काकी, हा असा दाबायचा आणि सोडायचा.”

“ह्यो दाबून माझे गडी जेवतले?” असं म्हणून तिने डाव्या हाताने चेंडू फेकला. तो खाटांखालून टणटणत वॉर्डाच्या त्या टोकाला गेला. मी त्याच्यामागे. खाटेखाली वाकले आणि माझी ती जगप्रसिद्ध टोपी घरंगळत थेट आयाबाईच्या बादलीत पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वॉर्डातल्या बायकांना माझी मान वळते हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

काकी मात्र हसली नाही. तिने त्या दिवसापासून जेवण परत पाठवायला सुरुवात केली. नको म्हणायची, भिंतीकडे तोंड करून पडायची.

माझ्या डोक्यात आलं, हिला हिच्या घरचं काही खाऊ घालावं. मी मिशाळ गड्याला सांगून तिच्याच खोलीतलं तांदळाचं पीठ आणि तवा मागवला. वॉर्डाच्या किचनमध्ये दूध तापवायची शेगडी होती. दुपारी, सगळीकडे सामसूम झाल्यावर, मी बाह्या सरसावल्या. परात नव्हती म्हणून एनॅमलचा एक नवाकोरा ट्रे घेतला. भाकरी म्हणजे काय? पीठ, पाणी, गोल. मी शरीरातली सगळी हाडं पाठ केलेली बाई.

पीठ घेतलं आणि त्यात माठातलं गार पाणी ओतलं.

जिला तांदळाची भाकरी येते ती आता इथे कपाळाला हात लावून बसली असेल. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगते: तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागतं. गार पाण्यात ते चिकटतच नाही. मला हे माहीत नव्हतं. मी थापलं, ते फुटलं. पाणी घातलं, ते पातळ झालं. पीठ घातलं, ते पुन्हा फुटलं. शेवटी ट्रेमध्ये समुद्रकिनारा तयार झाला. माझ्या नाकाला पीठ, कोपराला पीठ, घड्याळात पीठ. तरी चूक माझी असेल ही शंका मनात आली नाही. मी तो ट्रे उचलला आणि तडक काकीच्या खाटेशी गेले.

“काकी, तुमचं पीठच खराब आहे,” मी म्हणाले. “जुनं झालं असेल.”

भिंतीकडे वळलेली पाठ हळूहळू माझ्याकडे वळली.

“काय म्हणालंस?”

“पीठ. चिकटतच नाही.”

“माझा पीठ खराब?” ती उठून बसली. “गावच्या तांदळाचा, धुवन सुकवन दळलेला, आणि तू त्येका खराब म्हणतंस? बघू!” तिने ट्रे माझ्या हातातून ओढून मांडीवर घेतला. बोट घातलं. थांबली. माझ्याकडे असं पाहिलं, की आजवर कोणत्याही परीक्षकाने माझ्याकडे तसं पाहिलेलं नाही.

“थंड पाण्यात मळलंस?”

“हो.”

“गो चेडवा! तुझ्या आवशीन तुका काय शिकवल्यान गो?”

“हाडं,” शेजारची वरळीची बाई म्हणाली. सगळ्या वॉर्डात हशा पिकला.

“उकळता पाणी आण,” काकीने हुकूम सोडला. मी धावले. आणलं. तिने नवं पीठ घ्यायला लावलं, पाणी ओतायला लावलं, झाकायला लावलं. मग वाफ निवली तशी “मळ” म्हणाली. मी मळायला लागले.

“अशी नाय. टाचेन दाब. हाताच्या टाचेन गो, पायाच्या नाय!”

मी दाबलं.

“मांजराक कुरवाळतंस काय?”

मी जोर लावला.

“सोड, सोड, वाट लावलंस!” असं म्हणत काकीने दोन्ही हात पिठात घातले. दोन्ही. पदराखालचासुद्धा. रागाच्या भरात तिला भानच राहिलं नाही. एकदा दाबलं आणि तोंडातून “आई गो” निघालं. मी चटकन ट्रे मागे घ्यायला गेले. तिने घेऊ दिला नाही. ती त्या पिठाकडे बघत होती. कोमट, मऊ पीठ तिच्या वाकलेल्या बोटांमध्ये शिरलं होतं. तिने पुन्हा दाबलं, हलकेच. पुन्हा. तिसऱ्यांदा दाबताना तिची अनामिका जरा सरळ झाली. फार नाही, पण मी पाहिलं. तिनेही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. दोघींनाही वाटलं असणार, बघितलं तर ती पुन्हा वाकेल.

पुढे लोक म्हणायचे, सिस्टरने काय डोकं चालवलं! मी नम्रपणे मान खाली घालायची. डोकं कसलं, मला खरंच भाकरी येत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा ट्रे घेऊन गेले, ते मात्र पुरतं समजून. चेंडूसाठी जी बाई बोट हलवायला तयार नव्हती, ती माझी फजिती सुधारायला अख्खा हात पणाला लावत होती. माझ्या आयुष्यात माझा अडाणीपणा इतका उपयोगी कधी पडला नव्हता, आणि तो माझ्याकडे भरपूर होता.

मग रोज दुपारी आमची शाळा. आधी मळणं. त्यात बोटं मोकळी झाली की थापणं. थापायला पंजा सपाट लागतो, आणि तिथे काकीचा जीव जायचा. नवी कातडी ताणली की डोळ्यांतून पाणी यायचं. मग ती मला शिव्या घालायची, माझ्या आईला, माझ्या शाळेला, टोपीला. मी खोबरेल लावून तळहात चोळायची आणि शिव्या खात राहायची. एकदा चोळता चोळता ती सहज म्हणाली, “माझ्या घोवाक पण मी अशीच चोळायचंय. छाती.” नवरा गिरणीत होता. खोकून खोकून गेला. तेराव्याला त्याच्याच साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, सोबती आले होते, त्यांना वाढायला तिने भाकऱ्या थापल्या. त्यांनी जाताना विचारलं, वहिनी, उद्यापासून आम्ही इथेच जेवू का? तिथून खाणावळ. “तेवां हात चाललो म्हणान मी जगलंय,” ती म्हणाली. मी तळहात चोळत राहिले. बोलले असते तर पुन्हा एखादं आकुंचन-प्रसरण तोंडातून बाहेर पडलं असतं.

काकीची पहिली भाकरी झाली ती पुरीएवढी. वाकडी, एका बाजूला जाड. मी शेगडीवर भाजून आणली. काकीने ती हातात घेतली आणि वरळीच्या बाईकडे धरली. “खातंस?”

वरळीची बाई पटकन हात पुढे करणारी नव्हती. म्हणाली, “तुझ्या हातची मी खाईन गं. माझ्या हातची तू खाशील का?”

काकीने तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“आधी माझो हात होवंदे,” ती म्हणाली. “मगे तुझो बघूया.”

“बघू की,” वरळीची बाई म्हणाली, आणि भाकरी मोडून अर्धी मला दिली. मीठ कमी होतं. अजून आठवतं.

भाकरी पुरीची पापडाएवढी झाली, पापडाची घावनाएवढी. डॉक्टरांकडे हात मोजायची काही साधनं असतील, आमच्या वॉर्डाने भाकरीवर मोजला. गडी आले की आधी विचारायचे, “आज केवढी?” आणि काकी हात पदराबाहेर काढून दाखवायची.

ही बातमी मेट्रनबाईंपासून लपणं शक्य नव्हतं. भाजलेल्या भाकरीचा वास टोपीखाली दडवता येत नाही. एका दुपारी त्या दारात उभ्याच राहिल्या. मूळच्या नगरकडच्या, अत्यंत शिस्तीच्या, बुटांचा आवाज न करता चालणाऱ्या. मी गरम भाकरी चादरींच्या कपाटात सारली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिले. पाठ भाजत होती.

“सिस्टर, हा वास कसला?”

“कपड्यांना इस्त्री चालली असेल, मॅडम.”

“इस्त्रीला पीठ लागतं का?” असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं, कपाट उघडलं, भाकरी पाहिली. मला माझी नोकरी गिरगावच्या दिशेने चालत जाताना दिसत होती. मेट्रनबाई काकीच्या खाटेशी गेल्या. “हात दाखवा.” काकीने दाखवला. त्यांनी तो घेऊन खाटेशेजारच्या लाकडी टेबलावर उपडा ठेवला आणि वाकून बघितलं. करंगळीचं टोक टेबलाला लागत होतं. अनामिकेचंही. मधलं बोट अजून अधांतरी. त्या बराच वेळ वाकून होत्या.

मग सरळ होऊन मला म्हणाल्या, “उद्यापासून वेगळा एप्रन घाला. पीठ युनिफॉर्मवर दिसता कामा नये.” दारापर्यंत गेल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, “चादरी बदला. डाग पडला असेल.”

त्यानंतर काही दिवसांनी मोठा हरताळ झाला. दुकानं बंद, ट्राम बंद, गल्लीगल्लीत पोलीस. आमच्याकडे पीठ संपलेलं. काकी म्हणाली एक दिवस राहू दे, पण तिचा चेहरा म्हणत होता की बोटं पुन्हा वळतील. दुपार उलटता उलटता मिशाळ गडी घामाघूम होऊन वॉर्डात शिरला, शर्टाच्या आत डबा. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागून लांबचा वळसा घालून आला होता. वाटेत एका पोलिसाने अडवला.

“म्हणता, शर्टात काय हा? मी म्हटलंय, औषध. त्येना झाकण उघडल्यान. म्हणता, ह्या तर पीठ! मी म्हटलंय, होय, औषधाचा पीठ. म्हणता, कसलो रोग? मी म्हटलंय, साहेब, परळाक चला, दाखवतंय.”

“मगे?”

“मगे काय! म्हणता, पळ, आणि बरी झाली की एक भाकरी माका पण घेवन ये.”

त्या दिवशी काकीने अशी थापली, अशी थापली! बाहेर कुठून तरी घोषणा ऐकू येत होत्या, ‘झालाच पाहिजे’. वरळीच्या बाईने ताल धरला, प्लास्टरवर बोटांनी ठोकत. “उघडलाच पाहिजे!” पलीकडच्या खाटेवरून साथ आली. मग सगळ्या. अंगावर टाके असलेल्या, सलाइन चालू असलेल्या, एकीला तर बोलायची मनाई होती, तीही. “उघडलाच पाहिजे!” एक थाप, एक घोषणा. मी नर्स होते, मला त्यांना गप्प करायला हवं होतं. मी सर्वांत मोठ्याने ओरडत होते.

शेवटी डॉक्टर राउंडला आले त्या सकाळी काकीने त्यांना बोलूच दिलं नाही. टेबल पुढे ओढलं आणि त्यावर पंजा ठेवला. पाचही बोटं. तळहात लाकडाला टेकलेला. डॉक्टरांनी खाली कागद सरकवून बघितला, तो जाईना. ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, चेंडूचा चांगलाच उपयोग झाला.

मी म्हणाले, “यस सर.” काय सांगणार? वॉर्डातल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले होते.

काकी घरी गेली. आणि मग एका रविवारी मला निरोप आला, जेवायला ये. मी खळ घातलेल्या टोपीशिवाय, साध्या साडीत लालबागला गेले. खोलीत आणि खोलीबाहेर पंगत बसलेली. समोरच्या खाणावळीतून सगळेच्या सगळे परत आलेले. परातीशी काकी. आणि चुलीशी, पाटावर बसून, मोडलेला पाय पुढे पसरून, तव्यावरच्या भाकऱ्या उलटत होती वरळीची बाई. काकीने तिला बोलावून आणलं होतं. सुकटीचं कालवण तिच्या हातचं होतं, आणि काकी मला वाढायच्या आधी त्यातलं वाटीत घेऊन, सगळ्यांसमोर, बोट चाटून म्हणाली, “तिखट आसा. पण बरा आसा.”

पंगतीत एका म्हाताऱ्या गड्याचा हात ताटावरच थांबला. तो चुलीकडे बघत होता. चुळबुळला. म्हणाला, “काकी, ही बाई...”

“ही बाई काय?” काकी म्हणाली. हातातली भाकरी थांबली नाही. “दोन महिने माझो हात बघीत बसली ती ही. तू खंय होतस? समोर फळी चावत! जेवूचा असला तर जेव, नायतर जा, अजून एक फळी शिल्लक असतली.”

मिशाळ गड्याने पहिला घास घेतला. मोठा, आवाज करून. मग दुसऱ्याने. शेवटी म्हाताऱ्याने भाकरी उचलली, उगाच नीट निरखली, आणि खरोखर, सवयीनेच, तोंडातून काढलं, “काकी, बोटभर कमी वाटता.”

काकी उठली. पिठाचा हात तसाच घेऊन त्याच्या ताटाशी गेली आणि भाकरीवर पंजा ठेवला. ताणला. करंगळी या कडेला, अंगठा त्या कडेला. गुलाबी, नवी, चकाकती कातडी सगळ्यांना दिसली. भाकरी एक रतीभर कमी नव्हती.

“बघ,” ती म्हणाली, “नीट बघ!” आणि मग माझ्याकडे वळली. “चेडवा, तू काय बघतंस? हय ये. एक थाप.”

मी थापली. त्या अख्ख्या खोलीसमोर, घाम फुटत. ती फाटली नाही. गोलसुद्धा म्हणता आली असती, ज्याला गोल म्हणजे काय ते फारसं माहीत नाही त्याला. वरळीच्या बाईने ती तव्यावर टाकली, आणि ती फुगली! काकीने ती मिशाळ गड्याच्या ताटात टाकली. त्याने तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला. सगळे त्याच्या मिशांकडे बघत होते.

“सिस्टरबाई,” तो म्हणाला, “तुम्ही इंजेक्शनच द्या. ता कमी दुखता.”

सगळी गल्ली हसली. मीही हसले, आणि ताट पुढे ओढून काकीची भाकरी घेतली. तीन खाल्ल्या. चौथी काकीने न विचारता वाढली.